स्वतःचं विश्लेषण न करून घेतलेला मनोविश्लेषक चालतो का? (गिरींद्रशेखर बोस आणि आमच्या घरातलं भांडण)

वैदर्भी

आमच्या घरात चार दिवसांपासून भांडण सुरू आहे, आणि तेही १९५३ साली वारलेल्या माणसावरून. म्हटलं इथे टाकावं, तुमच्यात तरी एकमत होते का बघू. (होणार नाही, माहीत आहे.)

आम्ही नागपुरात धंतोलीत राहतो. वरच्या मजल्यावर एक बंगाली आजोबा आहेत, सगळी बिल्डिंग त्यांना दादा म्हणते. वडील बंगाल-नागपूर रेल्वेत होते, दादाही रेल्वेतूनच रिटायर झाले. दिवाळीच्या आवरासावरीत त्यांनी रद्दीत काढलेला पुस्तकांचा गठ्ठा माझ्या मुलीने उचलून आणला. ती मानसशास्त्रात एम. ए. करते आहे. त्या गठ्ठ्यात गिरींद्रशेखर बोसांवरचा एक जुना लेख निघाला. मी तो रात्री बसून वाचला आणि झोप उडाली.

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी (मलाही नव्हतं): जन्म १८८७. वडील दरभंग्याच्या महाराजांचे दिवाण. गिरींद्र सगळ्यांत धाकटे. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून १९१० मध्ये डॉक्टर झाले, प्रॅक्टिस जोरात चालली. विद्यार्थी असतानाच जादूचे प्रयोग आणि संमोहन यांचा नाद होता. मग मनाच्या आजारांकडे वळले. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग नवीनच सुरू झाला होता. चांगली चालती प्रॅक्टिस असलेला तिशीतला डॉक्टर पुन्हा बाकावर जाऊन बसला, एम. एस्सी. केली आणि १९२१ मध्ये 'दमन' (नकोशा इच्छा मनात खोल दाबून टाकणं) या कल्पनेवर डी. एस्सी. मिळवली. तो प्रबंध छापून थेट व्हिएन्नाला, मनोविश्लेषणाचा (रुग्णाला बोलतं करून मनात खोल दडलेलं बाहेर काढायची उपचारपद्धत) जनक फ्रॉइड याला पाठवून दिला! फ्रॉइडचं उत्तर आलं. तिथून पत्रव्यवहार सुरू झाला तो १९३७ पर्यंत चालला. दोघं एकदाही भेटले नाहीत.

१९२२ च्या जानेवारीत बोसांनी कलकत्त्यात, १४ पारशीबागान लेन या आपल्या राहत्या घरात, भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. पंधरा सभासद. त्याच वर्षी तिला आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेची मान्यता मिळाली. मरेपर्यंत तेच अध्यक्ष.

आता भांडण. मुलगी म्हणते, "आई, मनोविश्लेषक व्हायचं तर आधी स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं लागतं, वर्षानुवर्षं. बोसांचं कोणी केलं? कोणीच नाही. पुस्तकं वाचून शिकले. आज असा माणूस दुकान उघडून बसला तर तू मला त्याच्याकडे पाठवशील का?"

मी म्हणते, पहिल्या माणसाला कोण शिकवणार? पहिल्या सुईणीचं बाळंतपण कोणी केलं होतं?

तर मंडळी, बोसांना मनोविश्लेषक म्हणायचं की हौशी?

सावजी_रस्सा

पहिल्या सुईणीचं बाळंतपण. ताई, धागा इथेच संपला. बाकीच्यांनी घरी जा.

डॉ_धागेदोरे

संपला नाही. मी बावीस वर्षं नागपुरात मानसोपचार करतो आहे, तेव्हा थोडं बोलतो.

आधी एक गोंधळ दूर करू, कारण माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाचा तो असतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग त्या विषयात एम. डी. झालेला डॉक्टर, तो औषधं देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, औषध लिहीत नाही. मनोविश्लेषक ही तिसरीच जात. तो या दोघांपैकी कोणीही असू शकतो, किंवा कोणीच नसू शकतो. त्याची ओळख डिग्रीवरून ठरत नाही, प्रशिक्षणावरून ठरते. फ्रॉइडनेच १९२६ मध्ये जोर लावून मांडलं होतं की विश्लेषक व्हायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

आता मुद्दा. वैदर्भीताईंची मुलगी आजच्या नियमाने बरोबर आहे, पण तारीख चुकते आहे. उमेदवाराने स्वतःचं विश्लेषण करून घेतलंच पाहिजे, देखरेखीखाली रुग्ण पाहिले पाहिजेत आणि सोबत अभ्यासवर्ग केले पाहिजेत, ही तीन पायांची पद्धत आधी बर्लिनमध्ये रुजली. आंतरराष्ट्रीय पातळीवर ती लागू झाली १९२५ मध्ये. बोसांची संस्था १९२२ ची. जो नियम अजून झालाच नव्हता तो त्यांनी कसा मोडला? आणि स्वतः फ्रॉइड? त्यानेही १८९७ च्या सुमारास आपली स्वप्नं आपणच उलगडली. त्याला कोण विचारतं?

हे झालं बोसांच्या बाजूने. पण स्वप्रशिक्षित माणसाच्या हाती माझा रुग्ण देताना माझाही हात थरथरेल हे खरंच.

बर्डीवाला

डॉक्टरसाहेब, तिथे म्हणे पेशंटला कोचावर आडवं करतात आणि डॉक्टर मागे बसते. आपल्या इकडे उन्हाळ्यात दुपारी माणसाला बाजेवर आडवं केलं आणि कूलर लावला, तर मनात दडलेली ती नेणीव-बिणीव काही निघत नाही, फक्त घोरणं निघते.

सावजी_रस्सा

त्याचीही फी लागते बे. पन्नास मिनिटं घोरून आला, मोकळा झाला.

मनमोकळी

हसा. पण मी त्या कोचावर तीन वर्षं पडलेली बाई आहे, म्हणून लिहिते.

मी मूळची नागपूरच्या महाल भागातली. नोकरीनिमित्त मुंबईत होते. वडील गेल्यावर मला एक विचित्र त्रास सुरू झाला. कोणी मोठ्याने हाक मारली की घशात काहीतरी अडकायचं, गिळता येईना. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. सुट्टीत इथे आले असताना आधी नागपुरातल्याच एका समुपदेशकाकडे गेले. वीस मिनिटं ऐकून ते म्हणाले, "लग्नाचं बघा, सगळं ठीक होईल." आणि बाहेर बसलेल्या माझ्या काकूला बोलावून तिलाही तेच सांगितलं! माझ्यासमोर! पुढचे सहा महिने घरात दुसरा विषय नव्हता.

मुंबईत एका मैत्रिणीने विश्लेषकाचं नाव दिलं. आठवड्यातून चार दिवस, सकाळी सव्वासातला, पन्नास मिनिटं. फीवर माझा अर्ध्याहून जास्त पगार जायचा असं वाटायचं, हिशोब केला तर तिसरा हिस्सा होता. पहिले दोन महिने मी हवापाणी, लोकल, ऑफिसच सांगत होते. ती काही बोलायचीच नाही. मला इतका राग यायचा की एकदा मी म्हटलं, "तुम्ही झोपला तर नाही ना?" त्यावर ती एवढंच म्हणाली, "घरी कोण झोपायचं?"

आणि मला आठवलं. वडील. जेवणं झाली की ते आरामखुर्चीत डोळे मिटून पडायचे आणि आम्ही भावंडं हळू आवाजात बोलायचो. मोठ्याने बोललं की हाक यायची. तीच हाक.

हे वाचायला सोपं वाटतं, जसं काही एक किल्ली लागली आणि कुलूप उघडलं. तसं नव्हतं. पुढचं दीड वर्ष मी त्या बाईंवर तोच राग काढत होते, त्यांच्याच खोलीत, आणि त्या तो काढू देत होत्या. घसा कधी मोकळा झाला ते मला कळलंही नाही. एका पावसाळ्यात लक्षात आलं की बरेच दिवसांत अडकलं नाही.

म्हणून वैदर्भीताईंच्या मुलीला माझा पाठिंबा. इतका राग अंगावर घ्यायचा तर त्या माणसाने आधी कुठेतरी स्वतःचा राग काढलेला असायला हवा. नाहीतर तोही "लग्न करा" म्हणून मोकळा होईल.

वैदर्भी

मनमोकळी, तुमचं लिहिणं वाचून मुलगी मला "बघ" म्हणाली. नुसतं "बघ". मी बघितलं.

उमरेडकर

भावना समजल्या, पण या सगळ्याला शास्त्र म्हणायचं का? तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने कधीच सांगून ठेवलं आहे की जे खोटं ठरवताच येत नाही ते विज्ञान नव्हे. फ्रॉइडचा तो ईडिपस घ्या, मुलाला आईची ओढ आणि बापाचा राग असतो म्हणे. मुलगा बापावर चिडला तर ईडिपस, नाही चिडला तर दाबलेला ईडिपस. छापा तुझा, काटाही तुझाच. बोसांचा तो 'विरुद्ध इच्छांचा सिद्धांत' तर त्याहून सोयीचा: प्रत्येक इच्छेच्या पोटात तिच्या उलट इच्छा दडलेली असते म्हणे. मला आत्ता चहा हवा आहे म्हणजे मला चहा नकोही आहे?

बर्डीवाला

उमरेडकर, पानठेल्यावर उभं राहून खर्रा (सुपारी-तंबाखू) घोटून घेणाऱ्या माणसाला विचारा. सोडायचाही असते आणि पाहिजेही असते. मी स्वतः अकरा वर्षांपासून दोन्ही इच्छा एका पुडीत बांधून फिरून राहिलो.

डॉ_धागेदोरे

बर्डीवाल्यांनी बोसांचा सिद्धांत एका पुडीत समजावला. (खर्रा सोडा. ही इच्छा माझी, हिला विरुद्ध इच्छा नाही.)

उमरेडकर, पॉपरचा आक्षेप हलका नाही, मीही तो मानतो. पण बोसांचं थोडं उलट आहे. ते व्हिएन्नाचं ऐकून मान डोलावणाऱ्यांपैकी नव्हते. १९२९ मध्ये त्यांनी फ्रॉइडला सरळ कळवलं की माझ्या युरोपियन रुग्णांत लिंगच्छेदाची भीती (बाप आपलं लिंग कापेल ही मुलाच्या मनातली भीती) जितकी दिसते तितकी माझ्या भारतीय रुग्णांत दिसत नाही. खरा झगडा पुरुष असण्याची इच्छा आणि स्त्री असण्याची इच्छा यांच्यातला आहे. म्हणजे गुरूच्या सिद्धांताचा मुख्य खांबच हलवला. समोरच्या रुग्णात जे दिसलं ते पुस्तकाशी जुळलं नाही, तर पुस्तकालाच प्रश्न विचारायचा, ही वृत्ती शास्त्राची नाही तर कशाची? फ्रॉइडला ते फारसं पटलं नाही, ही गोष्ट वेगळी.

हावडामेल

बंगाली आहे, शाळा नागपुरातली, त्यामुळे मराठी चालवून घ्या. पहिली दुरुस्ती: आमच्याकडे त्यांना 'बोस' नाही, 'बोशु' म्हणतात, लिहिताना बसू. बोस हा साहेबांसाठीचा अवतार.

दुसरं, धाकट्या भावावर एवढं बोलून राहिले आणि मोठ्या भावाचं नावच नाही? राजशेखर बसू! 'परशुराम' या टोपणनावाने लिहिणारे, बंगालीतले विनोदी लेखनाचे बादशहा. पेशाने रसायनशास्त्रज्ञ, बंगाल केमिकलमध्ये मोठ्या हुद्द्यावर, वरून बंगाली शब्दकोशही केला. पारशीबागानच्या त्या घरात अड्डा भरायचा. डॉक्टर, चित्रकार, लेखक, प्राध्यापक सगळे. मंडळाचं नाव काय तर 'उत्केंद्र समिती', म्हणजे मराठीत विक्षिप्तांचं मंडळ म्हणा. मनोविश्लेषण संस्था जन्माला आली त्याच घरात. माझे आजोबा म्हणायचे की कलकत्त्यात दोन प्रकारची माणसं, जी अड्ड्यावर जातात आणि जी आजारी असतात.

१९४० मध्ये लुंबिनी पार्क हे मानसिक रुग्णालय सुरू झालं त्यालाही जागा राजशेखरांनीच दिली. सुरुवात फक्त तीन खाटांची.

वैदर्भी

हावडामेल, त्याच अड्ड्यातल्या चित्रकाराची गंमत सांगायची राहिली होती! यतींद्रकुमार सेन. बोसांनी त्यांना सांगितलं, फ्रॉइडचं चित्र काढ. सेनांनी फ्रॉइडला पाहिलेलं नव्हतं, फोटोही नव्हता. लिखाणावरून माणूस कसा दिसत असेल ते कल्पून काढलं आणि ते व्हिएन्नाला पाठवलं. फ्रॉइडने एका मैत्रिणीला लिहिलं की अर्थातच, त्याने मला अगदी पक्का इंग्रज करून टाकलं आहे.

मला हे फार आवडलं. धोतर नेसणारा बंगाली डॉक्टर, गोऱ्यांचं राज्य, आणि लांबच्या एका ज्यू डॉक्टरचं चित्र काढायचं तर हात आपोआप साहेब काढतो. नेणिवेवर यापेक्षा चांगला धडा कुठला?

१९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त मंडळींनी त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली. अनंतनागाच्या फण्याखालचा विष्णू. फ्रॉइडने ती आपल्या टेबलावर ठेवली, आजही ती लंडनच्या त्याच्या घरात आहे, तिथे आता संग्रहालय आहे. पुढे मूर्तीला तडे गेले तेव्हा फ्रॉइडने डायरीत नोंदवलं की कलकत्त्याची सवय असलेल्या या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नाही की काय?

सावजी_रस्सा

व्हिएन्नात तडे गेले म्हणता? नागपुरात मे महिन्यात ठेवायची होती. देव स्वतः उठून फुटाळा तलावावर जाऊन बसला असता.

ऑरेंजसिटी

धागा वाचून राहिलो तर एक विचार आला. आपलं नागपूर तर दरवर्षी सामूहिक मनोविश्लेषण करते, कोणाला फी न देता. मारबत!

बाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, मिरवत निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, म्हणजे तेही पुतळेच. त्या वर्षी ज्याच्यावर राग असेल, महागाई, खड्डे, कोणता पुढारी, त्याचा बडग्या करायचा, शहरभर मिरवायचा, "इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. फ्रॉइडने १९०० मध्ये स्वप्नांचं पुस्तक काढायच्या आधीच इतवारीने ओळखलं होतं की आतलं बाहेर काढल्याशिवाय जमत नाही.

मनमोकळी

महालात वाढले, मारबत माझ्या रक्तात आहे. पण हे तेच नव्हे. मारबतीत आपण इडा-पीडा दुसऱ्या कोणावर टाकतो आणि गावाबाहेर नेऊन जाळतो. त्या खोलीत ती परत आपल्याच मांडीवर आणून ठेवतात. म्हणतात, घ्या, ही तुमचीच. म्हणून तर पुढच्या पोळ्याला बडगे पुन्हा लागतात.

ऑरेंजसिटी

ओक्के. हे वाक्य मी चोरणार आहे, आधीच सांगतो.

उमरेडकर

चोरण्याची इच्छा आणि सांगून टाकण्याची इच्छा. विरुद्ध इच्छा. काय त्रास आहे, मलाही दिसायला लागलं.

अजून_आयडी_सुचला_नाही

नमस्कार. मी वैदर्भींची मुलगी. आईने माझं म्हणणं अर्धंच लिहिलं म्हणून आयडी काढावा लागला.

मी बोसांना हौशी म्हटलेलं नाही. मी म्हटलं की आज तसं चालू नये. नियम कशासाठी आला ते बघा. रुग्ण विश्लेषकाच्या प्रेमात पडतो, त्याला बाप समजतो, आई समजते, त्याच्यावर थुंकतो. याला भावसंक्रमण म्हणतात. त्या वेळी विश्लेषकाच्या मनातही काहीतरी उठतंच. ते आपलं कोणतं आणि रुग्णाचं कोणतं हे ओळखता आलं नाही तर नुकसान रुग्णाचं होतं. सुईणीचा दाखला इथे लागू नाही, आई. सुईण बाळाच्या प्रेमात पडली तरी नाळ नीट कापता येते.

आणि डॉक्टरकाका, फ्रॉइडने स्वतःचं केलं हे अर्धसत्य आहे. त्या वर्षांत तो बर्लिनच्या फ्लीस नावाच्या मित्राला पत्रावर पत्र लिहीत होता. स्वप्नं, वडिलांचं मरण, सगळं. पलीकडे कोणीतरी ऐकणारं होतं. माझा प्रश्न तोच आहे की बोसांच्या पलीकडे कोण होतं?

मला स्वतःला जो जीवनप्रवास जास्त भावतो तो सुधीर कक्कर यांचा. जन्म १९३८, नैनितालचा. इंजिनीअर! अहमदाबादेत मेकॅनिकल, मग जर्मनीत मॅनहाइमला व्यवस्थापन, मग व्हिएन्नाला अर्थशास्त्रात डॉक्टरेट. फ्रॉइडच्या गावात राहून अर्थशास्त्र. मध्ये १९६४ मध्ये अहमदाबादेत मनोविश्लेषक एरिक एरिक्सन भेटले, ते गांधीजींवर अभ्यास करायला आलेले. तिथे गाडी वळली. पण वळली म्हणून लगेच पाटी नाही लावली. फ्रँकफर्टच्या फ्रॉइड इन्स्टिट्यूटमध्ये रीतसर प्रशिक्षण, स्वतःचं विश्लेषण, तेही परक्या जर्मन भाषेत. नंतर १९७५ मध्ये दिल्लीत प्रॅक्टिस. मग गुरू, मांत्रिक, दर्गे, वैद्य आपल्याकडे मन कसं बरं करतात यावर लिहिलं, कादंबऱ्या लिहिल्या, शेवटी गोव्यात राहिले, एप्रिल २०२४ मध्ये गेले.

सावजी_रस्सा

इंजिनीअरिंग करून मग दुसरंच काहीतरी. म्हणजे आमच्या व्हीएनआयटीच्या अर्ध्या बॅचसारखंच. आम्ही बँकेच्या परीक्षा दिल्या, त्यांनी मनाची दिली.

वैदर्भी

घरात असं कधी सविस्तर बोलत नाही, इथे बरोबर परिच्छेद पाडून लिहिते. जेवायला ये.

डॉ_धागेदोरे

मुलीचा फ्लीसचा मुद्दा मान्य. चूक माझी.

कक्करांचा विषय निघालाच तर एक गोष्ट. त्यांनी लिहून ठेवलं आहे की भारतीय रुग्ण उपचार करणाऱ्यात गुरू शोधतो. त्याला सल्ला हवा असतो, डोक्यावर हात हवा असतो, नुसतं गप्प बसणारा माणूस त्याला कोरडा वाटतो. माझ्या रामदासपेठेतल्या क्लिनिकला या, रोज दिसेल. रुग्ण एकटा येतच नाही. नवरा, सासू, मामा आणि गावचा एक 'ओळखीचा माणूस'. खुर्च्या चार, माणसं सहा. मी रुग्णाला विचारतो, उत्तर मामा देतो. आता यातल्या कोणाला कोचावर झोपवू? बरं, घरच्यांना बाहेर बसवलं तर रुग्णच घाबरतो, की बाहेर माझ्याविषयी काय बोलून राहिले असतील.

आणि वेळ. ओपीडीत एका माणसामागे दहा-बारा मिनिटं मिळाली तर सुदिन. विश्लेषक दिवसात सात-आठच माणसं पाहतो, तीच तीच, वर्षानुवर्षं. असा माणूस आयुष्यभरात किती जणांना तपासणार? म्हणून हा धंदा महाग, आणि म्हणून तो मोठ्या शहरांपलीकडे फारसा आला नाही. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि आपलं नागपूर. आपल्याकडे पत्ता सांगायचा तर लोक अजूनही 'पागलखाना चौक'च म्हणतात. ऑटोवाल्याला 'मनोरुग्णालय' म्हटलं तर तो विचारतो, "म्हणजे पागलखाना ना जी?" त्या शब्दाच्या भीतीने माझ्याकडे येणारे लोक तीन-तीन वर्षं उशिरा येतात. आधी देवऋषी, मग पोटाचा डॉक्टर, मग मी.

(कोणाला आत्ता खरोखर गरज असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट. बोस-फ्रॉइड नंतर बघू.)

बर्डीवाला

आमच्या आतेभावाला असंच दोन वर्षं पोटाचं औषध चालू होतं. नंतर कळलं, दुकानाचं कर्ज. कोणालाच सांगितलं नव्हतं त्याने. मी रोज त्याच्यासोबत चहा प्यायचो, मलाही नाही.

मनमोकळी

बर्डीवाला, आता बरे आहेत ना ते?

बर्डीवाला

आहे आता ठीक. दुकान विकलं. बोलते आता, जास्तच बोलते.

हावडामेल

अजून_आयडी, "बोसांच्या पलीकडे कोण होतं" हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्यांनी पतंजली वाचला, गीतेवर लिहिलं, पुराणांवर लिहिलं, लहान मुलांसाठी गोष्ट लिहिली. म्हणजे हा माणूस एकटा कोंडून घेऊन बसलेला नव्हता. पण आधी कोणाकडे बसला होता का, ते मलाही माहीत नाही. वैदर्भीताई, तुमच्या दादांना विचारा.

वैदर्भी

विचारलं! आज संध्याकाळी चहाला वर गेले होते, सगळा धागा वाचून दाखवला. 'बोशु'वर खूश झाले, हावडामेलला नमस्कार सांगितला आहे. खर्ऱ्याच्या भागाला हसून हसून खोकला आला. मग मूळ प्रश्न विचारला तर म्हणाले, "जिस घर में रोज शाम को अड्डा बैठता था और बडा भाई परशुराम था, उस घर में मन की बात छुपाके दिखाओ. वो भाई तो मरे हुए आदमी का भी विश्लेषण कर देता था, हँसा हँसा के. उसको कोच किसलिए चाहिए?"

माझा मुद्दा मी यापेक्षा चांगला मांडू शकले नसते. पलीकडे सगळं घर होतं. मी जिंकले असं जाहीर करते.

अजून_आयडी_सुचला_नाही

दादांना सांग, सख्ख्या भावाकडून विश्लेषण नियमात बसत नाही. शिवाय विनोदी लेखकाकडून तर मुळीच नाही.

सावजी_रस्सा

मोठा भाऊ हसवून हसवून सत्य काढते हे मात्र खरं आहे. माझ्या भावाने माझ्या लग्नात माईकवर काढलं.

डॉ_धागेदोरे

मी मध्ये पडत नाही. पण भावाकडे फी लागत नाही, एवढा एक मुद्दा दादांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

अजून_आयडी_सुचला_नाही

ते ठीक. आई, मी निघाले, वीस मिनिटांत पोहोचते. पुडाच्या वडीत सांभार (कोथिंबीर) जास्त टाक. आणि दादांकडचा तो लेख परत देऊ नको अजून, मला पुन्हा वाचायचा आहे.